जर्मनीला हवेत भारतीय कुशल हात. भाषेचा खर्च कोणाच्या माथी?

नवी दिल्ली : कुशल भारतीयांना दरवर्षी देण्यात येणाऱ्या व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये केली, तेव्हा देशभरातील परिचारिका, अभियंते आणि आयटीआय उत्तीर्ण तरुणांच्या आशा पल्लवित झाल्या. तथापि, व्हिसा हा या प्रवासातील शेवटचा टप्पा आहे. भाषा, पात्रतेची मान्यता आणि या दोन्हींचा खर्च, हे खरे अडथळे त्याआधीच उभे असतात. ते दूर करण्यात जर्मन मालक किती वाटा उचलतात, यावरच या धोरणाचे यश अवलंबून राहील.

जर्मनीची गरज तात्पुरती नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत जन्मलेली मोठी पिढी आता निवृत्त होत असून तिची जागा घेणाऱ्या तरुणांची संख्या अपुरी आहे. म्हणूनच २०२० मध्ये कुशल कामगारांच्या स्थलांतराचा कायदा लागू झाला आणि २०२३-२४ मध्ये तो टप्प्याटप्प्याने शिथिल करण्यात आला. भारताशी स्थलांतर व गतिशीलता भागीदारीचा करार ५ डिसेंबर २०२२ रोजी झाला. जर्मनीत नोकरी करणाऱ्या भारतीयांची संख्या २०१५ मध्ये सुमारे २३ हजार होती. २०२४ च्या प्रारंभी ती १ लाख ३७ हजारांच्या घरात पोहोचली.

मालकांसाठी कायद्याने दोन महत्त्वाच्या वाटा खुल्या केल्या आहेत. पहिली ‘जलद प्रक्रिये’ची. यात उमेदवाराच्या वतीने मालक स्वतः स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज करतो. त्यासाठी ४११ युरो शुल्क आहे. पूर्ण कागदपत्रे मिळाल्यानंतर पात्रतेच्या मान्यतेबाबत साधारण दोन महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो. पुढे वकिलातीत भेटीची वेळ तीन आठवड्यांत आणि अर्जावरील निर्णय त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मिळावा, अशी तरतूद आहे.

दुसरी वाट मार्च २०२४ पासूनच्या ‘मान्यता भागीदारी’ची. पात्रतेला पूर्ण मान्यता मिळण्यापूर्वीच कामगार जर्मनीत येऊन काम सुरू करू शकतो आणि उरलेली प्रक्रिया तेथे पूर्ण करतो. मात्र त्याला साथ देण्याची लेखी जबाबदारी मालकाला घ्यावी लागते. उमेदवाराला जर्मन भाषेची ‘ए-२’ पातळी आवश्यक असते आणि त्याची पदवी किंवा किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण मायदेशात शासनमान्य असावे लागते.

ही दोन वर्षांची अट भारतीय संदर्भात कळीची आहे. आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे आहेत. वेल्डरचा एकच वर्षाचा. त्यामुळे कित्येक वर्षे कारखान्यात उत्तम काम केलेला वेल्डरही केवळ प्रमाणपत्राच्या आधारे या वाटेने जाऊ शकत नाही. भरतीची जाहिरात देण्यापूर्वी हा फरक मालकांनी आणि आपल्या कौशल्य विकास विभागांनीही ध्यानात घेतला नाही, तर शेकडो तरुण चुकीच्या रांगेत उभे राहतील.

सर्वांत मोठा खर्च मात्र भाषेचा आहे. ‘बी-१’ पातळी गाठण्यासाठी साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. नोकरी सांभाळून एवढा अभ्यास करणे बहुतेकांना अशक्य असते. म्हणजे शुल्काबरोबर अनेक महिन्यांच्या बुडालेल्या पगाराचा भारही पडतो. तो उमेदवाराने सोसायचा ठरवले, तर कर्ज काढणे आले. आणि कर्जाखाली दबलेला कामगार वाईट वागणूक मिळाली तरी नोकरी सोडण्यास कचरतो.

यावर केरळने एक मार्ग दाखवला आहे. राज्याच्या ‘नोर्का रूट्स’ संस्थेने डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीच्या संघीय रोजगार संस्थेशी ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमासाठी करार केला. त्यात परिचारिकांकडून भरतीसाठी पैसे घेतले जात नाहीत; भारतात ‘बी-१’पर्यंतचे प्रशिक्षण विनामूल्य मिळते आणि पुढील पातळी जर्मनीत नोकरी करताना पूर्ण करता येते. खर्चाचा भार मालकाकडे जातो. परिचर्या क्षेत्रात न्याय्य भरती करणाऱ्यांसाठी जर्मनीत शासनमान्य गुणवत्ता चिन्हही आहे. इलेक्ट्रिशियन, प्लंबर वा वाहनचालकांच्या भरतीला मात्र अशी चौकट अद्याप लाभलेली नाही.

महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार करून पहिल्या टप्प्यात १० हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचे आणि शासनाच्या खर्चाने जर्मन भाषा शिकवण्याचे ठरवले. उमेदवारावरील बोजा यामुळे हलका होतो. परंतु प्रशिक्षण आधी आणि मालकाचा शोध नंतर, असा क्रम राहिल्यास भाषा शिकलेला तरुण नियुक्तीपत्राची वाट पाहत बसतो. न वापरलेली भाषा विसरली जाते, वय मात्र थांबत नाही. मुलाखत आणि सशर्त नियुक्तीपत्र प्रशिक्षणाच्या आरंभीच देणे, हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

या पोकळीतच दलालांचे फावते. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये आणि त्यावरील वस्तू व सेवा कर यापेक्षा अधिक शुल्क घेता येत नाही. एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासता येते. ही मर्यादा ठाऊक नसलेल्या कुटुंबांनी जमीन गहाण ठेवण्यापूर्वी एवढी खातरजमा केली, तरी मोठे नुकसान टळेल.

मालकाची जबाबदारी विमानतळावर संपत नाही. घरभाड्याची सोय, पहिल्या काही महिन्यांत सोबत करणारा सहकारी आणि जोडीदाराला आणण्यासाठी मदत, यांवर कामगार टिकतो की परततो हे ठरते. कुशल माणसाला आपल्या देशात बोलावण्याची स्पर्धा आता जर्मनीपुरती राहिलेली नाही. जो मालक भाषेपासून निवाऱ्यापर्यंतचा खर्च स्वतःचा मानेल, त्याच्याकडेच भारतीय तरुण जातील आणि टिकतील. भारतानेही पुढील करारांत व्हिसांच्या आकड्याइतकाच आग्रह याच अटीचा धरायला हवा.