बाईंच्या गप्पा : तिचा डबा वेगळा का?



मधल्या सुट्टीची घंटा झाली की वर्गात काय गडबड उडते! भराभर डबे उघडतात, कुणाची शेंगदाण्याची चटणी इकडून तिकडे फिरते, कुणाच्या मटकीच्या उसळीवर एकदम चार हात पडतात. ‘एकट्याने खाऊ नये, वाटून खावं’ हे आम्हीच तुम्हांला शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण काही मुलं अशी असतात, की त्यांना दुसऱ्याच्या डब्यातला एक घाससुद्धा सहज घेता येत नाही. आज त्यांच्याविषयी बोलू या.

आपण खाल्लेलं अन्न पचतं, त्याचे बारीक बारीक भाग होतात. शरीर त्यांतून हवं ते बनवतं, नको ते बाहेर टाकतं. या सगळ्या कामाला ‘चयापचय’ म्हणतात. त्यातल्या प्रत्येक कामासाठी शरीरात एकेक विकर, म्हणजेच एन्झाइम, नेमलेलं असतं. काही बाळांमध्ये जन्मापासून एखादं विकर नसतं किंवा नीट काम करत नाही. मग ते काम तुंबतं. आईबाबांकडून आलेल्या जनुकांमुळे हे घडतं. यात बाळाची चूक नाही आणि आईबाबांचीही नाही. आणि हो, हा आजार संसर्गजन्य नाही, बरं का! शेजारी बसल्याने किंवा एका पेल्यातून पाणी प्यायल्याने तो कुणालाही होत नाही.

असे आजार पुष्कळ आहेत. ‘गॅलॅक्टोसीमिया’ असलेल्या बाळाला दुधातल्या साखरेचा एक भाग वापरता येत नाही, म्हणून त्याला दूधच बंद. दुसऱ्या एका आजारात यकृतात साखरेचा साठा असतो, पण गरज पडली की तो बाहेर काढता येत नाही. अशा मुलांना जास्त वेळ उपाशी राहून चालत नाही. त्यांतल्या अनेकांना ठरावीक वेळाने, अगदी रात्रीसुद्धा, कच्चं कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून प्यावं लागतं.

आज आपण ‘फेनिलकीटोन्युरिया’ची गोष्ट पाहू. केवढं मोठं नाव! डॉक्टर त्याला ‘पीकेयू’ म्हणतात.

दूध, डाळ, अंडी यांतल्या प्रथिनांमध्ये ‘फेनिलॲलॅनिन’ नावाचा एक घटक असतो. तो तुम्हांआम्हांला हवाच असतो, आणि उरलेला यकृतातलं विकर बदलून टाकतं. पीकेयूमध्ये नेमकं तेच विकर काम करत नाही. मग हा घटक रक्तात साठत जातो आणि वाढत्या मेंदूला इजा करतो.

हे कुणी शोधलं? 1934 साली नॉर्वेमध्ये एक आई आपल्या दोन मुलांना घेऊन डॉक्टर आस्ब्यर्न फोलिंग यांच्याकडे गेली. जन्मली तेव्हा दोन्ही मुलं ठीक दिसत होती, पण पुढे त्यांची बुद्धी वाढेना. मुलांच्या अंगाला एक विचित्र वास येतो, हेही त्या आईच्या लक्षात आलं होतं. फोलिंग यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं, तर रंग झाला हिरवा! त्या हिरव्या रंगाचा त्यांनी पिच्छा पुरवला आणि आजार सापडला.

पण औषध कुठे होतं? पुढे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात डॉ. हॉर्स्ट बिकेल आणि त्यांचे सहकारी एका छोट्या मुलीवर उपचार करत होते. दुधातलं प्रथिन फोडून ते खास कोळशातून गाळायचं, म्हणजे त्यातलं फेनिलॲलॅनिन निघून जातं. असं पेय तिला दिल्यावर ती हळूहळू रांगू लागली, उभी राहू लागली. 1953 साली हे काम प्रसिद्ध झालं. त्यानंतर दहाएक वर्षांत अमेरिकेतल्या डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबांवरून हा आजार ओळखायची सोपी तपासणी काढली. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांतच आहार सुरू झाला, तर ही मुलं इतरांसारखीच शिकतात, खेळतात, मोठी होतात.

आता समजा, अशी एक मैत्रीण तुमच्या वर्गात आहे. तिचा दिवस कसा असेल?

सकाळी उठल्यावर तिला एक खास पावडर पाण्यात कालवून प्यावी लागते. शरीराला हवे ते प्रथिनांचे घटक त्यातून मिळतात, पण चव काही बरी नसते. असं दिवसातून तीन-चार वेळा! मग आई भात वजनकाट्यावर मोजते. आपण ज्याला सकस म्हणतो ते दूध, पनीर, अंडी, मासे, डाळी, उसळी हेच नेमकं तिला टाळावं लागतं. आजार तीव्र असेल, तर तिच्या पूर्ण दिवसाचा हिशेब एका कपभर दुधातच संपून जाईल! शाळेतली डाळ घातलेली खिचडीही म्हणूनच तिला चालत नाही. साबुदाण्याची खिचडी चालेल, पण दाण्याचं कूट न घालता.

कमी खाऊनही भागत नाही. पोट रिकामं राहिलं किंवा ताप आला, तर शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडतं आणि तोच घटक रक्तात वाढतो. त्यामुळे तिला वेळेवर आणि पोटभर जेवावं लागतं. अधूनमधून रक्त तपासावं लागतं. पळणं, लंगडी, खो-खो मात्र सगळं चालतं! आणि हा आहार परीक्षेपुरता नाही हं, जन्मभर सांभाळायचा.

आता सांगा, तिने तुमची बर्फी नाकारली, तर ती ‘नखरे’ करते का? ‘एका घासाने काय होतंय?’ असं म्हणून आग्रह करू नका. रोज असे चार मित्रांचे चार घास झाले, तर आईने सकाळी केलेलं मोजमाप वाया जातं. ‘तुला हे चालतं का?’ असं आधी विचारा. ती नाही म्हणाली, तर तिथेच थांबा. तिच्या पावडरीच्या वासाला नाक मुरडू नका. वाटून घ्यायला खेळ आहे, गोष्टीचं पुस्तक आहे. वाढदिवसाला पेढ्यांऐवजी सगळ्यांना पेन्सिली वाटल्या, तर तीही सगळ्यांबरोबर हात पुढे करील.

या आठवड्याचा उपक्रम : दुकानात ‘शुगर फ्री’ पेयाची बाटली दिसली, तर त्यावरची बारीक अक्षरं वाचा. त्यात ‘आस्पार्टेम’ हा गोड पदार्थ असेल, तर फेनिलकीटोन्युरियाच्या रुग्णांसाठी सूचना छापलेली असते. ती कशासाठी, हे आता तुम्ही घरी समजावून सांगू शकाल.

पालकांसाठी दोन शब्द : हे वाचून निरोगी मुलाचं दूध किंवा डाळ बंद करू नका. असा आहार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यायचा असतो. नवजात बाळाची ही तपासणी आपल्याकडे सगळीकडे होत नाही, म्हणून बाळंतपणाआधीच डॉक्टरांकडे चौकशी करा. आईवडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला पीकेयू होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नांत अशा आजारांचा धोका वाढतो. आणि आपल्या मुलाचा आहार वेगळा असेल, तर वर्गशिक्षकांना ते पहिल्याच दिवशी सांगा. लपवू नका. शिक्षकांना माहीत असेल, तर मधल्या सुट्टीत त्यांचंही लक्ष राहील.

तुमच्या बाई