सायकलची चेन : आतून ओली, वरून कोरडी



अवजारांच्या निगेबद्दल या सदरातून आपण वेळोवेळी बोलतो. आज सायकल घेऊ. कोणी म्हणेल, दारात मोटारसायकल उभी असताना सायकलचे काय घेऊन बसलात? पण मोटारसायकल एक आणि कामे चार. कारभारी ती घेऊन बाजाराला गेले, की डेअरीला दूध घालायला, दळण आणायला आणि मुलांना शाळेला सायकलच लागते. मानव विकास कार्यक्रमातून कितीतरी तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. अशी सायकल वर्षा-दोन वर्षांत ‘चेन पडते’ म्हणून पडवीला टेकून बसली, की पोर आधी एक दिवस घरी राहते, मग आठवडाभर. तीन-चार किलोमीटरची वाट रोज पायी तुडवायला कोण सांगणार? मग शाळेचे नाव मागे पडते. आणि चेन पडण्याचे कारण बहुतेक वेळा घरीच, अर्ध्या तासात दूर करता येण्याजोगे असते.

चेनला तेल घालत नाही असे घर क्वचितच सापडेल. घालतात, पण काय घालतात? ट्रॅक्टरचे किंवा मोटारसायकलचे काढलेले जळके ऑइल. फुकटचे असते, काळेभोर असते, चेन चकचकीत दिसते. त्या ऑइलात इंजिनाची झिजलेली धातूची कीस आणि काजळी असते. त्यावर रस्त्याचा फुफाटा बसला, की तयार होते ती पाजळायच्या दगडावरची चिखलीच म्हणा ना! पाजळून कोयता झिजतो, तशी ही चेन झिजते. ग्रीसचेही तेच. ग्रीस जाड, ते आत शिरत नाही, वर राहून धूळ धरते. गोडेतेल हवा लागून चिकट होते, कढईच्या बाहेरच्या अंगाला बसते तसे. खोबरेल थंडीत गोठते. शिवणयंत्राचे तेल चांगले, पण फार पातळ. दोन-चार दिवसांत उडून गेल्यासारखे होते. चेनसाठी गाडीत घालायचे नवे इंजिन ऑइल घ्यावे, ३० किंवा ४० नंबरचे. गॅरेजमधून औषधाच्या लहान बाटलीभर आणले तरी एका सायकलला वर्षभर पुरते.

आता तेल कुठे लागते ते समजून घेऊ. चेनची एक कडी जवळून पाहा. बाहेर दोन पट्ट्या, त्यातून आरपार पिन, पिनेवर एक बारीक नळी (तिला बुश म्हणतात) आणि त्या नळीवर फिरणारा रूळ. ही बुश घातलेली चेन हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरला १८८० साली काढली, आणि आजही सायकलची चेन त्याच घडणीची आहे. दातावर बसतो तो रूळ. पण खरी झीज होते ती आत, पिन आणि नळी यांच्यामध्ये. तेल तिथे पोहोचले पाहिजे. बाहेरच्या पट्ट्यांना तेलाची गरज नाही. तिथे राहिलेले तेल धूळच गोळा करते.

चेन ‘ताणते’ असे आपण म्हणतो. पोलाद काही कणकेसारखे ताणत नाही. प्रत्येक पिनेशी झीज झाली, की कडी अर्ध्या इंचाहून किंचित लांब होते. मिलिमीटरचा आठवा भाग, डोळ्याला दिसणारही नाही. पण चेनला शंभराच्या वर कड्या असतात. सगळ्यांची बेरीज अर्ध्या इंचाच्या घरात जाते, आणि चेन सैल पडून दातांवरून उतरते.

साफ करण्याआधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना, विशेषतः मुलांना, बजावून सांगा. एकाने पायडल फिरवायचे आणि दुसऱ्याने चिंधीने चेन पुसायची, असे कधीही करू नये. चिंधी दातात ओढली जाते, चिंधीबरोबर बोट जाते, आणि पायडल फिरवणाऱ्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जो पुसतो त्यानेच दुसऱ्या हाताने पायडल उलटे, सावकाश फिरवावे. चेन खालच्या बाजूला, मधोमध धरावी. दोन्ही दातेरी चाकांपासून वीतभर लांब. लहान मुलाला त्या वेळी जवळ बसू देऊ नये. मोटारसायकलची चेन तर इंजिन चालू ठेवून कोणीही, कितीही घाई असली तरी, पुसू नये.

सायकल स्टँडवर उभी करा. मुलींच्या सायकलला चेनवर पूर्ण डबा असतो, त्याचे स्क्रू काढून तो आधी सोडवावा. कोरड्या चिंधीने वरचा काळा थर काढा. मग जुना दात घासायचा ब्रश डिझेलमध्ये बुडवून कडी न् कडी घासा. पूर्वी आपण रॉकेल वापरत होतो, ते आता रेशनवर पहिल्यासारखे मिळत नाही. डिझेलने काम तितकेच चांगले होते. पेट्रोल मात्र नको, ते भडकते. दातांच्या बेचक्यांत साचलेला थर काडीने खरवडून काढावा. खाली जुने घमेले ठेवा. काम झाल्यावर ते डिझेल बाटलीत भरून ठेवले, की गाळ तळाशी बसतो आणि वरचे पुढच्या वेळी वापरता येते. गाळ गोठ्याजवळ किंवा विहिरीकडे ओतू नये. गुरे काय चाटतील याचा नेम नसतो, आणि ही घाण त्यांच्या पोटात जाता कामा नये.

वर्षातून एकदा चेन उतरवून धुवावी. मला विचाराल तर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. पाऊस ओसरलेला असतो आणि अवजारे तशीही पुजायला काढायचीच असतात. (पूजेचे हळदकुंकू हँडलला लावावे, चेनला नको.) एका कडीवर बारीक लॉकपट्टी असते, ती पकडीने सरकवली की चेन सुटते. पट्टी उडून धुळीत जाते, म्हणून खाली फडके अंथरावे. परत बसवताना पट्टीची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवावी, म्हणजे वरच्या बाजूला असताना ती पुढच्या चाकाकडे येईल. उलटी बसली तर कशाला तरी अडकून निघते आणि चेन वाटेतच तुटते. लॉकपट्टी नसलेली चेन घरी सोडवू नका, सायकलवरच धुवा.

धुतलेली चेन पूर्ण वाळू द्या. डिझेल आत राहिले तर तेल पातळ होते. मग लॉकपट्टीपासून सुरुवात करून प्रत्येक रुळावर एकच थेंब सोडा, खालच्या बाजूच्या चेनवर, आतल्या अंगाने. सगळी चेन झाली की पायडल उलटे वीस-पंचवीस वेळा फिरवा आणि सायकल रात्रभर तशीच ठेवा. सकाळी कोरड्या चिंधीने बाहेरचे सगळे तेल पुसून काढा. हे पुसणे बहुतेक लोक टाळतात, आणि तिथेच मेहनत वाया जाते. बोटाला काळे न लागेल इतकी चेन वरून कोरडी हवी. तेल चाकाच्या रिमला लागले असेल तर तेही साबणाच्या पाण्याने धुवावे, नाहीतर उतारावर ब्रेक लागणार नाही.

एरवी पंधरा दिवसांनी पुसून थेंब-थेंब तेल पुरे. पावसात भिजून आली तर त्याच संध्याकाळी पुसावी. युरियाचे पोते सायकलवरून आणले असेल तर सांडलेले दाणे लगेच झटकून ओल्या फडक्याने पुसा. खत ओल धरते आणि लोखंड खाते.

चेन बदलायला झाली का, हे सुताराच्या टेपने कळते. चेन ताणून धरून एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत मोजा (पहिली पीन शून्य धरून). नवी चेन बरोबर १२ इंच भरते. अर्धा सूत जास्त भरली तर लक्ष ठेवा. एक सूत जास्त भरली तर बदला. तेव्हाच दातही पाहावे. मांजराच्या नखासारखे एका बाजूला वाकले असतील तर फ्रीव्हीलही बदलावे लागेल, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन घसरते. चेन वेळेवर बदलली तर हा दुसरा खर्च पुष्कळ पुढे जातो.

चेन झिजलेली नाही, नुसती सैल आहे, तर मागच्या चाकाचे दोन्ही नट ढिले करून चाक थोडे मागे ओढावे. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली असता साधारण अर्धा इंच हलावी. फार घट्ट केली तर पायडल जड होते. पायडल एक पूर्ण फेरा फिरवून जिथे चेन सर्वांत घट्ट लागते तिथे हे माप पाहावे. चाक दोन्ही बाजूंनी मध्यावर आहे ना, हे बघून नट आवळावेत आणि पोरीच्या हाती सायकल देण्याआधी ब्रेक ओढून पाहावा.

पुढील अंकी फवारणी पंपाचे वॉशर आणि नोझल.