दुरुस्तीच्या पोटी जन्मणारे दोष

दूरचित्रवाणी संच, छपाईयंत्र, मोबाईल, इतकेच काय, दाराचे कुलूपसुद्धा कारखान्याबाहेर पडले म्हणजे तयार झाले, असे समजण्याचे दिवस आता राहिले नाहीत. या वस्तूंच्या पोटात त्यांना चालवणारी जी आज्ञावली असते, जिला फर्मवेअर म्हणतात, ती उत्पादक दूर बसून वरचेवर बदलीत असतो. हेतू दोष काढण्याचा. परंतु पुष्कळदा जुना दोष जातो आणि कालपर्यंत बिनतक्रार चालणारे दुसरेच काही बंद पडते. हा निव्वळ अभियंत्यांचा हलगर्जीपणा, असे म्हणून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल.

अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीची लांब पल्ल्याची दूरध्वनियंत्रणा 15 जानेवारी 1990 रोजी सुमारे नऊ तास कोलमडली होती. महिनाभर आधी कंपनीने आपल्या 114 स्विचिंग केंद्रांत सुधारित आज्ञावली बसवली होती. बिघाडातून सावरण्याचे काम अधिक वेगाने व्हावे, हाच त्या सुधारणेचा उद्देश! तीत 'ब्रेक' ही एक आज्ञा भलत्या जागी पडली होती. सावरलेल्या केंद्राकडून दोन संदेश अत्यल्प अंतराने आले की ते घेणारे केंद्र बंद पडे, आणि पुन्हा सुरू होताना तोच प्रसाद शेजाऱ्यांना वाटी. महिनाभर ती वेळ जुळून आली नव्हती, इतकेच.

अशा सगळ्या वेळा आधी तपासता येत नाहीत. चालू-बंद होणाऱ्या अवघ्या 20 गोष्टी असलेल्या उपकरणाच्या 10 लाखांहून अधिक अवस्था संभवतात. एक दोष काढताना दुसरा शिरण्याची शक्यता 20 ते 50 टक्के असते, असे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवले आहे.

तथापि प्रश्न केवळ तंत्राचा नाही, खर्च कोणी सोसावा याचाही आहे. 1994 मध्ये इंटेलच्या पेंटियम चिपमध्ये भागाकाराची चूक आढळली. ती चिपमध्येच कोरलेली असल्याने चिपा बदलून देण्यापायी कंपनीला 47.5 कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. एवढा दंड समोर दिसत असला की उत्पादक माल दहादा तपासतो. आज दुरुस्ती घरोघर धाडण्यास जवळजवळ काहीच पडत नाही. मग तपासणीवर खर्च करण्याची निकड कोणाला वाटावी? उरलेली तपासणी ग्राहक करतो, तीही बिनपगारी. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट कंपनीने एका नमुन्याच्या कुलपांना दुसऱ्याच नमुन्याचे फर्मवेअर पाठवले. सुमारे 500 कुलपांचा इंटरनेटशी संबंध तुटला, त्यामुळे नवी दुरुस्ती पाठवण्याची वाटही बंद झाली. कुलूप परत धाडा, नाहीतर बदलीची वाट पाहा, एवढेच ग्राहकांच्या हाती उरले.

मग बदल नाकारावेत काय? तेही शहाणपणाचे नव्हे. मे 2017 मध्ये 'वॉनाक्राय'ने अनेक देशांतील संगणक वेठीस धरले. मायक्रोसॉफ्टने त्यावरील उपाय मार्चमध्येच दिला होता. म्हणून सुरक्षेची दुरुस्ती आणि नव्या सोयींची भर यांची मोट एकत्र बांधू नये, आणि नवी आवृत्ती नडली तर जुनीकडे परतण्याची मुभा ग्राहकास असावी. आपल्या 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादन-दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण आहे. विक्रीनंतर उत्पादकाने स्वतःहून वस्तूत घातलेला दोष त्या दायित्वात निःसंदिग्धपणे यावा, अशी मागणी ग्राहक संघटनांनी आता करावयास हवी.