मागच्या सीटचं मत

मैत्रिणींनो, घरात फ्रीज घ्यायचा झाला तर आपल्याला विचारतात. पडद्यांचा रंग तर आपणच ठरवतो. पण मोटारसायकल घ्यायची वेळ आली, की घरातले पुरुष बैठकीत खल करत बसतात आणि आपण चहा नेऊन देतो. खरं म्हणजे त्या गाडीवर मागे वर्षानुवर्षं बसायचं असतं आपल्यालाच!

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी हेच झालं. ह्यांना हवी होती जड, रस्त्याला धरून चालणारी गाडी. धाकट्या भाऊजींचं म्हणणं, हलकीच बरी. "दादा, रोज जिन्याखालून मागे ओढून काढशील तेव्हा कळेल!" दोघांचंही खोटं नव्हतं. स्प्लेंडर प्लसचं वजन सुमारे ११२ किलो, तर क्लासिक ३५० चं १९५. म्हणजे दुसऱ्या गाडीवर एक धष्टपुष्ट पाहुणा कायमचाच बसलेला! हे वजन गाडी उभी असताना, वळवताना, उतारावर लावताना जाणवतं. एकदा वेग घेतला की ते विसरायला होतं, उलट हमरस्त्यावर ट्रक शेजारून गेला तर जड गाडी कमी हेलकावते. म्हणून रोज बाजार, शाळा, ऑफिस एवढंच करणाऱ्याला हलकी गाडी आवडते आणि लांब जाणाऱ्याला जड.

सीटवरूनही तसाच वाद. भाऊजींना मऊ सीट हवी, ह्यांच्या मित्राला कडक. शेवटी जड गाडी आली. पेढे वाटले. मागच्या सीटवर मात्र कुणी बसून पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

माझं माहेर साताऱ्याचं. पुण्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. पहिल्याच फेरीत खंबाटकी घाट येईपर्यंत माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या. साताऱ्याला उतरले तेव्हा कंबर सरळ होईना. बोलायचं कसं? एवढ्या हौसेने घेतलेली गाडी! मग मी सबबी सांगू लागले. कधी मुलांची परीक्षा, कधी पाहुणे. आईला बरं नसायचं, तर आठवड्यात मधेच एकटी एस.टी.ने जाऊन यायची. ह्यांच्या मनात काय चाललंय ते मला एका रविवारी कळलं. हे खाली मान घालून म्हणाले, "माझ्याबरोबर कुठे यायला तुला नकोच असतं हल्ली."

ऐकून मला रडूच आलं. कंबरेचं दुखणं मी लपवलं आणि त्याचा अर्थ भलताच लागला! तेव्हा सगळं सांगून टाकलं. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?" ह्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी भाऊजींना गाडी चालवायला लावली आणि स्वतः मागे बसून खेड शिवापूरपर्यंत जाऊन आले. परतल्यावर दहा मिनिटं खुर्चीवर टेकले नाहीत. मी काही बोलले नाही, नुसता चहा ठेवला!

असं का होतं, ते समजून घ्यावे. चालवणारा दोन चाकांच्या मधे बसतो. मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच असतो. एस.टी.च्या शेवटच्या बाकावरचा माणूस उडतो, तसंच हे. त्यातून चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो अंग सावरतो. आपल्याला तो लागल्यावरच कळतो.

सीटवाल्याने आम्हांला एक गोष्ट शिकवली. दुकानात बोटाने दाबून सीट पारखू नये. फार मऊ फोम पंधरा-वीस मिनिटं सुखाचा वाटतो, मग दबून खालची कडक बैठक टोचू लागते. थोडा घट्ट फोम वजन सगळीकडे वाटून घेतो. हडकुळ्या माणसाला आणि भरलेल्या अंगाच्या माणसाला एकच सीट सारखी वाटणार नाही, म्हणून दुसऱ्याच्या मतावर जाऊ नये. आमची मागची सीट अरुंद होती आणि पुढे उतरती. त्याने ती दीड-दोन बोटं रुंद केली, उतार काढला, घट्ट फोम घातला. गुळगुळीत रेक्झिनऐवजी खरखरीत घातलं, म्हणजे ब्रेक लागला की घसरायला होत नाही.

आणखी काही गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा थोडी जास्त लागते. किती, ते गाडीबरोबरच्या पुस्तकात असतं. पुष्कळ गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाचा असतात. मेकॅनिककडून एखाददुसरी खाच वर करून घ्यावी. साडी गार्ड, धरायची कडी आणि पाय ठेवायला फूटरेस्ट ही हौस नव्हे, कायद्यानेच लागतात. लांबच्या प्रवासात शक्य असेल तर सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसावे. एका बाजूला बसलं की कंबरेला पीळ पडतो आणि गाडीचा तोलही चालवणाऱ्यालाच सांभाळावा लागतो. चढण्याआधी "बसू का?" म्हणून विचारावे. जड गाडी उभी असताना कलली तर एकट्याला आवरत नाही. दर तासाभराने उतरून चार पावलं चालावे. कंबर जुनीच दुखत असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

हेल्मेट मागच्यालाही सक्तीचं आहे. केस विसकटतात म्हणून टाळू नका. मागे एकच माणूस बसवावा. मूल चार वर्षांच्या आतलं असेल, तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या मुलाला हेल्मेट हवं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे.

आता आम्ही महिन्यातून एकदा दोघं साताऱ्याला जातो. घाटाआधी हे गाडी थांबवतात आणि मागे न बघताच विचारतात, "पाय कसा आहे गं?" गाडी तीच आहे, जड ती जडच.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याकडे गाडी घ्यायचं चाललं असेल, तर चहाचा ट्रे खाली ठेवा आणि म्हणा, "अहो, आधी मी मागे बसून अर्धा तास फिरून येते, मग ठरवू." आणि गाडी आधीच आली असेल, तर दुखणं मनात ठेवू नका. बोललं तर सीट बदलता येते. न बोलल्याने काय काय बिघडतं, ते मी पाहिलंय.