जिभेचे व्यायाम शिकवणारा कोण?

मूल रात्री तोंड उघडे ठेवून झोपते, घोरते. पुढचे दात बाहेर येऊ लागतात. ‘स’ म्हणताना जीभ दातांमधून डोकावते. घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, मोठे झाले की सुधारेल. कधी सुधारतेही. पण आता अशा मुलांसाठी ‘मायोफंक्शनल थेरपी’ सुचवली जाते आणि सोबत महिन्याच्या पॅकेजचा दरही सांगितला जातो. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तिथे या नावाचा अर्थ आधी कळला पाहिजे.

ही थेरपी म्हणजे जीभ, ओठ, गाल आणि जबड्याच्या स्नायूंचे व्यायाम. जिभेचे टोक वरच्या दातांमागे टाळूला लावून धरायचे, ओठ मिटून नाकाने श्वास घ्यायचा, दातांवर जीभ न ढकलता घोट गिळायचा. यात नवे किंवा थोतांड काही नाही. अमेरिकेतले दंततज्ज्ञ आल्फ्रेड रॉजर्स यांनी १९१८ सालीच चेहऱ्याच्या स्नायूंच्या व्यायामांवर लिहिले होते. योग्य मुलाला, योग्य वेळी, रोज नेमाने करवून घेतले तर उपयोग होतो. माझा आक्षेप व्यायामाला नाही. आपले काम कुठे संपते हे न ओळखणाऱ्या माणसाला आहे.

तोंडाने श्वास घेणारे मूल घ्या. त्याला सवय लागली आहे की नाकच बंद आहे? लहान मुलांत नाकामागे, घशाच्या वरच्या बाजूला ॲडेनॉइडची गाठ वाढलेली असते, ॲलर्जीने नाक चोंदलेले असते. ही तपासणी नाक-कान-घसा डॉक्टरांची. मूल झोपेत घोरता घोरता मध्येच श्वास थांबवत असेल, दचकून उठत असेल, दिवसा चिडचिड करत असेल, तर तेही डॉक्टरांनीच पाहायचे. नाक बंद असलेल्या मुलाला ‘ओठ मिट, ओठ मिट’ म्हणत सहा महिने व्यायाम करवून घेणे म्हणजे पैसा आणि मुलाची वाढीची वर्षे दोन्ही वाया घालवणे. आणि ओठांवर चिकटपट्टी लावून झोपवायचे जे खूळ निघाले आहे, ते नाक चोंदलेल्या मुलाच्या बाबतीत सरळ धोक्याचे आहे.

जिभेखालच्या पडद्याचेही तसेच. मूल उशिरा बोलले की ‘जीभ चिकटली आहे, कापून घ्या’ असा सल्ला चटकन मिळतो. पण बोलणे उशिरा येण्यामागे बरेचदा ऐकू कमी येणे असते, तेव्हा आधी कान तपासावे लागतात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये आपल्याच डॉक्टरांना सांगितले की, दूध ओढण्याच्या अडचणीसाठी हा पडदा गरजेपेक्षा जास्त वेळा कापला जातो आहे.

मोठ्या माणसांतले एक उदाहरण आपल्या वस्त्यांना जास्त जवळचे आहे. गुटखा, सुपारी, मावा खाऊन तोंड उघडेनासे होते, उभी तीन बोटे आत जात नाहीत. तोंड उघडण्याचे व्यायाम यात दिले जातात, बरोबरच आहे. पण हा आजार पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. दंतवैद्याने तोंड आतून नीट पाहण्याआधी कुणी नुसते व्यायाम देत बसला, तर तो त्या माणसाच्या जिवाशी खेळतो आहे.

मग हे व्यायाम द्यायचे कुणी? ‘मायोफंक्शनल थेरपिस्ट’ असा वेगळा सरकारी परवाना आपल्याकडे नाही, अमेरिकेतही नाही. चार दिवसांच्या खासगी कोर्सचे प्रमाणपत्र भिंतीवर असले म्हणून अधिकार येत नाही. अधिकार मूळ शिक्षणातून येतो. दात आणि जबड्याचे काम दंतवैद्याचे. बोलणे आणि गिळणे हे स्पीच थेरपिस्टचे काम, आणि त्यांना १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेत, म्हणजे आरसीआयमध्ये नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणाऱ्याला त्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. (एक हजार! पॅकेजच्या पहिल्या हप्त्यातही तो दंड निघून येईल.) स्पीच थेरपिस्टने दातांना तार लावायची नाही, दंतवैद्याने तोतरेपणावर उपचार करायचा नाही, आणि जिममधल्या ट्रेनरने यातले काहीच करायचे नाही.

चांगला थेरपिस्ट पहिल्या भेटीत पॅकेज विकत नाही. तो विचारतो, कान दाखवले का, नाक दाखवले का. ‘हे माझ्या हातातले नाही’ म्हणून चिठ्ठी देतो. शंभर टक्के खात्री देत नाही. किती भेटी, काय खर्च, कधी थांबायचे हे आधी सांगतो आणि पावती देतो. चिठ्ठीमागे कट असेल तर ती चिठ्ठी उपयोगाची नाही; डॉक्टरांना रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला-द्यायला २००२ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. आई-वडिलांनी नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नये. प्रश्न विचारला म्हणून जो चिडतो, त्याच्या दारातून उठून यावे.

खिशात पैसे नसले तरी वाट आहे. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते. त्यांना घोरणे, बोलणे, दात, सगळे सांगा. पुढची तपासणी आणि उपचार त्यातून मोफत होतात. मुंबईत नायर रुग्णालयात स्पीच थेरपीचा विभाग आहे, शेजारीच पालिकेचे दंत महाविद्यालय आहे, आणि वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. रांग लागते, एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. जाताना मुलाच्या झोपेतल्या घोरण्याचा मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.