पास आहे का?

मागच्या वर्षी माझ्या एका मित्राच्या बँडनं कोल्हापुरात कार्यक्रम ठेवला होता. चार पोरं, ब्लूज-रॉक, सगळी गाणी स्वतःची. तिकीट 200 रुपये. ग्रुपवर पोस्टर पडलं आणि दहा मिनिटांत पहिला रिप्लाय आला, "भावा, पास हाय का?" मग दुसरा, मग तिसरा. तिसरा मी होतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. कंपनीनं एक तारखेला पगाराऐवजी 'एक्सपोजर' दिलं तर दोन तारखेला मी राजीनामा देईन. तरी मित्राच्या कामाचे 200 रुपये मला जड झाले. त्या रात्री तिकीट काढून आलेली माणसं होती एकोणीस. हॉलचं भाडं मित्रानं खिशातून भरलं. त्यांचा ड्रमर आता लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि आम्ही टपरीवर चहा पीत म्हणतो, "कोल्हापुरात रॉकला स्कोप नाही."

हे वाक्य साफ खोटं आहे. आपण पैसे देत नाही म्हणून स्कोप नाही, आणि स्कोप नाही म्हणून आपण पैसे देत नाही. प्रोग्रॅमिंगमध्ये याला इन्फिनिट लूप म्हणतात. तो आपोआप थांबत नाही, कुणीतरी थांबवावा लागतो.

मुंबईचं उदाहरण घ्या. वॉरन मेंडोन्सा हा गिटारवादक आधी 'झिरो' नावाच्या बँडमध्ये होता. नंतर त्यानं 'ब्लॅकस्ट्रॅटब्लूज' सुरू केलं. 2007 मध्ये 'नाइट्स इन शायनिंग कर्मा' आला, 2009 मध्ये 'द न्यू अल्बम', 2014 मध्ये 'द युनिव्हर्स हॅज अ स्ट्रेंज सेन्स ऑफ ह्यूमर', 2017 मध्ये 'द लास्ट अ‍ॅनालॉग जनरेशन'. दहा वर्षांत चार अल्बम, मधे एकदा तर पाच वर्षांची गॅप. शंकर-एहसान-लॉय यांच्यातले लॉय मेंडोन्सा हे त्याचे काका. सिनेमाचा दरवाजा घरातच होता, आणि सिनेमाच्या गाण्यांसाठी त्यानं गिटार वाजवलीही. पण स्वतःचं संगीत सिनेमाच्या मापात कापून घेतलं नाही. तिकीट काढून ऐकणारी माणसं या बँडला मिळाली. त्यांना स्टेडियम भरता येणार नाही, पण क्लब भरतो, आणि पुढच्या अल्बमची वाट बघणारं कुणीतरी असतं.

आपल्याकडे यावर ठरलेलं उत्तर असतं, "ते इंग्रजी, आपल्याला काय कळणार?" भावा, ब्लॅकस्ट्रॅटब्लूजचं संगीत वाद्यांचं आहे. 'ओड टू अ सनी डे' ऐक, त्यात कळायला शब्दच नाहीत. एक गिटार बोलते, आणि सतारीचा जोड-झाला ज्यांच्या कानाला कळतो, त्यांना ती कळायला दोन मिनिटं पुरतात. दुसरं उत्तर, "हे आपलं नाही." मग पेटी आपली कधीपासून? युरोपातून आली आणि भजनात जाऊन बसली, कारण आपल्या माणसांनी ती वाजवली आणि ऐकली.

आता आपल्या गावाच्या अभिमानाकडे येऊ. कोल्हापूर म्हणजे कलानगरी, हे आपण पाहुण्यांना मिसळीच्या आधी वाढतो. गायन समाज देवल क्लब 1883 पासून आहे, हे खरं. शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला, हेही खरं. पण पुढचं आपण सांगत नाही. 1922 मध्ये महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला निघून गेले. राजा होता तोवर गवई होता. राजा गेल्यावर गवयाला धरून ठेवायचं काम गावाचं होतं. शंभर वर्षं झाली, अजून आपण राजाचीच वाट बघतोय. फक्त आता राजाला 'स्पॉन्सर' म्हणतो.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. गावाला रडू आलं, मलाही आलं. स्टेटसवर काळा फोटो ठेवला. मग आठवायला लागलो की त्या नाट्यगृहात स्वतःच्या पैशानं शेवटचं तिकीट कधी काढलं होतं. आठवलं नाही. पासवर मात्र तीनदा गेलो होतो. इमारत सरकार परत बांधेल. आतल्या खुर्चीचे पैसे सरकार रोज भरणार नाही.

पैसे नाहीत असंही नाही. डॉल्बीच्या भिंतीसाठी वर्गणी निघते, छातीत धडधड होईपर्यंत निघते. आणि आपल्या माणसावर जीव टाकणं आपल्याला येत नाही असंही नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की गॅलरी भरते. विश्वचषकात आपण मेस्सीचे कटआउट लावतो, तरी पेठेतल्या पोराला "मेस्सीसारखाच खेळ, नाहीतर उतर" असं कुणी म्हणत नाही. तो आपला म्हणून बघतो. स्टेजवरच्या पोराला मात्र तिसऱ्या मिनिटाला ओरडतो, "अरिजितचं वाजीव!"

"आम्ही ऑनलाइन ऐकतो की," असं म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा. गेल्या 12 महिन्यांत 1000 पेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला स्पॉटिफाय 2024 पासून रॉयल्टी देत नाही. म्हणजे मित्राचं गाणं तू, मी आणि त्याच्या आईनं मिळून नऊशे वेळा ऐकलं तरी त्याला मिळणार शून्य. एक तिकीट म्हणजे रोख 200. गणित अवघड नाही.

मी कुणाला दान मागत नाही. गाणं आवडलं नाही तर शिव्या द्या, पुढच्या वेळी येऊ नका. तो हक्क तिकिटासोबतच मिळतो. पासवाल्याला तोही नसतो, म्हणून तो खोटं "भारी होतं" म्हणतो आणि मोबाईल बघत बसतो. त्यात बँडही काही शिकत नाही.

मित्र पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम करतोय, नव्या ड्रमरसोबत. मी दोन तिकिटं काढली आहेत. दुसरं कुणासाठी, ते अजून ठरलेलं नाही. हवं असेल तर मेसेज करा. देईन, 200 रुपयांना.