लक्ष्मीचे लुगडे

दिवाळी अंकात लक्ष्मीविषयी लिहायचे म्हटले की संपत्तीविषयी चार शब्द येतील, अशी वाचकांची अपेक्षा असणार. पण त्या बाबतीत अधिकारवाणीने बोलावे इतकी तिची नि माझी घसट नाही. तेव्हा आज मी लिहिणार आहे तिच्या लुगड्याविषयी.

कमळावर उभी, चार हातांची, काठापदराचे लुगडे नेसलेली, शेजारी सोंडेत माळ धरलेला हत्ती! ही लक्ष्मी इतकी ओळखीची आहे की ती अनादिकालापासून अशीच असावी असे वाटते. पण आपल्याकडे लक्ष्मी म्हणून पूजतात ती नवी केरसुणी, तबकातली नाणी आणि हिशेबाच्या वह्या. जुन्या शिल्पांतल्या लक्ष्मीच्या अंगावर पाहावे, तर दागिने फार आणि वस्त्र बेताचे. मग तसबिरीतल्या लक्ष्मीला हे घरंदाज नेसणे दिले कोणी? त्याचे उत्तर एका प्रवासात सापडते.

राजा रविवर्मा हे त्रावणकोरातल्या किळिमानूरचे. जन्म १८४८चा. १८८८च्या सुमारास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना चौदा पौराणिक चित्रे काढायला सांगितली. हरिश्चंद्र-तारामती, अर्जुन-सुभद्रा, विश्वामित्र-मेनका. कथा तर लहानपणापासून कानांवरून गेलेल्या. अडचण निराळीच होती. तारामती नेसली काय होती? केरळातल्या बायका मुंडू नेसत, उत्तरेत घागरा-ओढणी, बंगाल्यात आणखी तिसरेच. पुराणातली राणी यांपैकी कोणाची?

रविवर्मा धाकटे भाऊ सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन उत्तर हिंदुस्थान हिंडले. प्राचीन पोशाख कुठेतरी टिकून असेल अशी आशा होती. दिसले ते एवढेच, की प्रांताप्रांताला पोशाख बदलतो आणि कोणताही पोशाख साऱ्या देशाचा नाही. अखेर त्यांनी लुगडे निवडले. कित्येक नायिकांच्या नेसण्याची धाटणी तर चक्क मराठी! हा शोध नव्हे, निर्णय होता. प्रवासाने त्यांना उत्तर दिले नाही. उत्तर आपल्यालाच ठरवायचे आहे, एवढे मात्र शिकवले. १८९०त चित्रे पुरी झाली आणि बडोद्याला व मुंबईला ती पाहायला लोकांची रीघ लागली.

१८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उतरवायचे, दर रंगाला निराळा दगड, आणि सगळे ठसे एकावर एक अचूक बसले पाहिजेत! मुंबईत प्लेग आला. पुढे कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दादासाहेब फाळक्यांनीही काही काळ या छापखान्यासाठी काम केले. कर्ज वाढले, तेव्हा तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. लक्ष्मी घरोघर पोहोचवणाऱ्याच्या घरी मात्र ती राहिली नाही!

पण तिचे जाणे-येणे सर्वांकडे सुरू झाले. ज्यांना देवळाच्या पायरीवरूनच परत फिरवले जाई, त्यांच्या भिंतीवरही देव आले. याची किंमतही पडली. शेंदूर फासलेल्या तांदळ्यात ज्याला त्याला आपापली देवी दिसे. आता सगळ्यांना एकच गोरी, सुरेख मुद्रा दिसू लागली. ही किंमत थोडी आहे असे मला वाटत नाही.

इथवर प्रवास आणि पुराण झाले, उरले आयुष्य. रविवर्म्यांची सासुरवाडी मावेलीकर्‍याची. तिकडच्या मातृसत्ताक रीतीप्रमाणे बायको-मुले तिच्याच माहेरी राहत. बाप येऊन-जाऊन असे. त्यातून हा बाप सदा दौऱ्यावर. १८९१त पत्नी गेली. १८९३त त्यांनी मुलीचे चित्र काढले. कडेवर मूल घेऊन ती बोट दाखवते आहे, की 'ते बघ, बाबा आले!' चित्रात बाबा कुठेच नाहीत. ते चौकटीबाहेर आहेत, अजून यायचे आहेत.

हे चित्र पाहिल्यापासून मला त्यांच्या पौराणिक नायिका निराळ्या दिसू लागल्या आहेत. शकुंतला काटा काढण्याच्या मिषाने मागे वळून पाहते. दमयंती हंसाचे बोलणे ऐकत उभी आहे. दोघींचे डोळे समोर नसलेल्या माणसाकडे लागलेले. लुगडे त्यांनी प्रवासात निवडले असेल. पण ही नजर शोधायला त्यांना कुठे हिंडावे लागले असेल असे मला वाटत नाही. ती घरीच होती, दाराशी वाट पाहत.